अरबी समुद्रात वादळ उठलं की नाशिककरानं नकाशात नेमकं काय बघायचं?

गोदाकाठचा:
नमस्कार मंडळी. फिलिपाइन्सच्या पूर्वेला टायफून (तिकडचं चक्रीवादळ) उठो नाहीतर लक्षद्वीपजवळ कमी दाबाचं क्षेत्र होवो, माझ्या हातातला फोन सुटत नाही. रात्री दीड वाजता उपग्रहाची चित्रं पुढे-मागे करत बसणारे आणखी कुणी इथे असतील तर हात वर करा.

बायकोचं म्हणणं साधं आहे. "नाशिकला समुद्र नाही, बंदर नाही, रामकुंडात जहाज लागत नाही. तुम्हाला काय करायचंय?"

करायचंय, कारण समुद्र नसला तरी वादळं आपल्याला सोडत नाहीत. २००९ च्या नोव्हेंबरात फयान, २०१७ च्या डिसेंबरात ओखी, २०१९ ला ऐन दिवाळीत क्यार आणि त्याच्या पाठोपाठ महा. ३ जून २०२० ला निसर्ग दुपारी श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं आणि रात्री आपल्याकडे फांद्या रस्त्यावर. यातल्या फयान आणि निसर्गचाच काय तो उरलासुरला भाग आपल्या बाजूनं गेला. बाकीची लांबून गेली तरी द्राक्षबागा झोपवून गेली.

आता ऑक्टोबर छाटण्या तोंडावर आहेत, अरबी समुद्राचा दुसरा हंगामही सुरू होईल. तर विचारायचं असं: वादळ किनाऱ्याला लागायच्या आधीच्या तीन-चार दिवसांत तुम्ही नक्की काय बघता? कशावर भरवसा ठेवता? व्हॉट्सॲपवरचे फिरते लाल गोळे सोडून सांगा.

कट्टेकरी:
मी गच्चीवरची दोरी बघतो. कपडे आडवे झाले की वादळ. ओले झाले की पाऊस. दोरीच गेली की निसर्ग.

पावसाळी_बेडूक:
हात वर. घरात फोनवर बंदी आहे म्हणून बाथरूममधून बघतो.

भूगोलमास्तर:
शाळेत आयुष्य गेलं, त्यामुळे प्रतिसाद लांबेल. ज्यांना घाई आहे त्यांनी कट्टेकरींची दोरी वापरावी.

सगळ्यांचे डोळे नकाशावरच्या मधल्या रेषेवर असतात. ती रेषा सोडा, तिच्याभोवतीचा शंकू बघा. पण तो शंकू म्हणजे वादळाचा आकार नव्हे. वादळाचं केंद्र कुठून कुठपर्यंत असू शकेल त्याची ती हद्द आहे, आणि ती मागच्या काही वर्षांतल्या अंदाजांत किती फरक पडला यावरून आखलेली असते. तिसऱ्या दिवसाचं वर्तुळ मोठं दिसलं की लोकांना वाटतं वादळ फुगणार. फुगतं ते आपलं अज्ञान.

आपल्या हवामान विभागाचा चोवीस तासांचा अंदाज आता सरासरीनं शंभर किलोमीटरच्या आत चुकतो. ही मोठी प्रगती आहे. तरीही अलिबाग आणि पालघर यांच्यात साधारण तेवढंच अंतर आहे, हे लक्षात ठेवा. "उद्या अमुक गावाला धडकणार" असं छातीठोक सांगणारा चॅनेलवाला असेल, वेधशाळावाला असं बोलत नाही.

दुसरं, बाजू. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या उलट फिरतो. वादळ ज्या दिशेला चाललंय तिकडे तोंड करून उभे राहा. उजव्या हाताला वाऱ्याच्या वेगात वादळाच्या चालीची भर पडते, डाव्या हाताला ती वजा होते. शिवाय किनारा ओलांडताना उजवीकडचा वारा समुद्राचं पाणी जमिनीवर लोटतो. निसर्गच्या वेळी मुंबई डावीकडे राहिली आणि थोडक्यात सुटली. दापोली-मंडणगड उजवीकडे होते. तिथं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय.

पावसाळी_बेडूक:
"फुगतं ते आपलं अज्ञान" हे आमच्या सोसायटीच्या ग्रुपचं नाव ठेवतोय.

दिंडोरी_बागवाला:
मास्तर, तुमचं सगळं बरोबर. पण आम्हाला उजवी-डावी काही कामाची नाही. वादळ ओमानला जाऊ द्या नाहीतर गुजरातला, आम्हाला मारतो तो त्याच्या शेपटाचा ढग.

क्यार घ्या. सुपर सायक्लोन. आपल्या किनाऱ्याला शिवलंसुद्धा नाही, पश्चिमेला तोंड करून निघून गेलं. टीव्हीवर सांगत होते, महाराष्ट्राचा धोका टळला. आणि इकडं दिंडोरी-निफाडला पाऊस थांबायचं नाव घेईना. छाटण्या होऊन कुठं पोंगा (नुकती फुटलेली डोळ्यांची अवस्था), कुठं फुलोरा. डाऊनी ही बुरशी घुसली, घड कुजले, काही जिरून गेले. फवारावं म्हटलं तर ट्रॅक्टर बागेत शिरेना, चाकं निम्मी चिखलात. लोकांनी पाठीवर पंप घेऊन रात्री बॅटरीच्या उजेडात औषध मारलं. सकाळी परत पाऊस, औषध धुऊन खाली. क्यार गेलं तोवर महा उभं. त्यानं तर ओमानकडं जाता जाता वळून पुन्हा गुजरातकडं तोंड केलं.

म्हणून मी वाऱ्याचा वेग बघतच नाही. पान किती तास ओलं राहणार एवढंच बघतो. पाऊस थोडका का होईना, पण रात्रभर पान ओलं आणि सकाळी ऊन नाही, की खर्च चालू झाला समजायचं. सटाण्याकडच्या अर्ली म्हणजे लवकर छाटलेल्या बागांचं आणखी वेगळं. त्यांचा माल नोव्हेंबर-डिसेंबरात तयार असतो, पाणी उतरलेल्या मण्याला पाऊस लागला की तडा. ओखीच्या वेळी तिकडच्या माणसांना झोप नव्हती.

कुठल्याच नकाशावर "पान ओलं" असा रंग नाही. तो कुणी काढला तर पैसे देऊ.

निळी_छत्री:
दादा, तुमच्या प्रतिसादानं धाग्याचं नावच बदलावं वाटतंय. मी विंडी या हवामानाच्या ॲपवर आर्द्रता आणि ढगांचे थर बघते, त्यातून थोडा अंदाज येतो. अंदाज काढणारं युरोपीय संगणकी मॉडेल एक सांगतं, अमेरिकन दुसरंच. दोन्ही जुळली की विश्वास ठेवते, नाही जुळली की दुसऱ्या दिवशी पुन्हा बघते. पाच दिवसांपलीकडचं बघतच नाही. दहाव्या दिवशी मुंबईवर वादळ दाखवणारं चित्र कुणीतरी दर हंगामात फिरवतं, आणि दोन दिवसांनी तेच मॉडेल ते वादळ सोमालियाला नेतं. तेव्हा मात्र चित्र फिरवणारे गायब.

सिडकोचा_संशयी:
मी तर सरळ अमेरिकन नौदलाची टायफून वॉर्निंग बघतो. आपल्या खात्यापेक्षा त्यांचा वेग नेहमी जास्त असतो. आपले लोक घाबरतील म्हणून कमी सांगतात. उघड आहे.

दर्यावर्दी:
संशयीराव, कुणी काही लपवत नाही. अमेरिकन लोक एका मिनिटाच्या वाऱ्याची सरासरी काढतात, आपला विभाग तीन मिनिटांची, जपानी दहा मिनिटांची. वारा झोतानं येतो. मुदत लहान घेतली की सरासरी चढते. एकच वादळ, तीन आकडे, तिन्ही खरे. त्यामुळे एका संस्थेचा आजचा आकडा दुसरीच्या कालच्या आकड्याशी लावून "वादळ वाढलं" म्हणायचं नसतं. टीव्हीवर मात्र हे रोज चालतं.

आणि हेही ऐका: भर समुद्रात वादळाच्या मधोमध जाऊन कुणी वारा मोजत नाही. अटलांटिकमध्ये अमेरिकेची विमानं आत घुसतात. पश्चिम पॅसिफिकमध्येही जायची, ती नेहमीची उड्डाणं १९८७ ला बंद झाली. आपल्या समुद्रात अशी रोजची सोय नाही. मग वेग कळतो कसा? उपग्रहाच्या चित्रात ढगांची गुंडाळी किती घट्ट, मधला डोळा किती स्वच्छ, भोवतीचे ढग किती थंड म्हणजे किती उंच, यावरून. व्हर्नन ड्व्होराक नावाच्या अमेरिकन हवामानतज्ज्ञानं १९७० च्या दशकात ही पद्धत बसवली. जगभर अजून तीच पायाभूत आहे. त्यामुळे २१० आणि २२० किलोमीटरवरून भांडू नका. तो अंदाज आहे, तराजूतलं माप नाही.

(जहाजावर आयुष्य काढून नाशिकला स्थायिक झालोय. इथली हवा चांगली आहे असं ऐकलं होतं.)

सिडकोचा_संशयी:
एक मिनिट आणि तीन मिनिटांचं ठीक. पटलं नाही पण ठीक. मग जहाजवाले कुणाचं ऐकतात?

दर्यावर्दी:
ज्या समुद्रात आहोत तिथल्या अधिकृत केंद्राचं. उत्तर हिंद महासागराला दिल्ली, पश्चिम पॅसिफिकला टोकियो. आणि त्यावर आपलं स्वतःचं भय मिळवतात. खलाशांचा एक-दोन-तीनचा नियम आहे. चोवीस तासांनंतर वादळ जिथे असेल म्हणतात, तिथल्या जोरदार वाऱ्याच्या वर्तुळाला १०० सागरी मैल आणखी जोडायचे. अठ्ठेचाळीस तासांना २००, बहात्तरला ३००. त्या सगळ्या भागात जहाज न्यायचं नाही. अंदाजावर विश्वासही ठेवायचा आणि त्याला चुकायला जागाही ठेवायची.

जुना आणखी एक: वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, आपल्या गोलार्धात कमी दाब तुमच्या डाव्या हाताला. उपकरणं बंद पडली तरी हे चालतं. नाशिकच्या गच्चीवर मात्र इमारतींमुळे वारा कुठूनही वळतो, तिथे करू नका. शेजारी बघतील.

कट्टेकरी:
केलं. शेजारी बघत आहेत.

नवखा_नाशिककर:
अहो, गंभीर मदत हवी आहे! माझ्या फोनमध्ये दाबमापक आहे हे आत्ता या धाग्यामुळे कळलं. ॲप उतरवलं तर ९४४ दाखवतंय!! मगाशी वाचलं की ९४४ म्हणजे अतितीव्र चक्रीवादळ. पाथर्डी फाट्यावर तर ऊन पडलंय. हाच तो डोळा का?

भूगोलमास्तर:
खाली बसा, पाणी प्या. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे. आपल्या डोक्यावर हवेचा थर तेवढा कमी, म्हणून इथे रोजचाच दाब ९४० ते ९५० हेक्टोपास्कलच्या घरात असतो. नकाशावरचे आकडे समुद्रसपाटीला आणून लिहिलेले असतात, म्हणून तिथे १०१० वगैरे दिसतात. खरोखरचे हवे असतील तर ओडिशाच्या १९९९ च्या महावादळाचा सर्वांत कमी दाब ९१२ मानतात, आणि १९७९ च्या टिप नावाच्या टायफूनमध्ये ८७० मोजला गेला. त्याच्याखाली समुद्रसपाटीवर आजवर कुठे मोजलेला नाही.

मात्र ते ॲप काढून टाकू नका. दाब किती आहे यापेक्षा तो कसा उतरतोय हे कामाचं. त्यातही एक मेख आहे. उष्ण कटिबंधात दाब रोज आपोआप दोनदा चढतो, दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास वर, दुपारी चारला खाली. म्हणून सकाळचा आकडा दुपारशी लावाल तर रोज वादळ येईल. आजच्या चारशी कालचे चार लावा.

कट्टेकरी:
म्हणजे नाशिककर बारमाही चक्रीवादळात राहतात. द्वारका चौकातून जाताना मला संशय यायचाच.

हाँगकाँगची_आई:
मी नेहमी नुसती वाचते, आज लिहिते. लेक हाँगकाँगला नोकरीला आहे. २०२५ च्या सप्टेंबरात रगासा टायफून आलं तेव्हा मी या नकाशांशी पहिल्यांदा ओळख करून घेतली. जपानचा हिमावारी उपग्रह दर दहा मिनिटांनी चित्र देतो, हे मला सुनेनं दाखवलं. तेच चुकलं तिचं. दर दहा मिनिटांनी मी बघत बसले.

तिकडची पद्धत मला आवडली. सरळ आकडे: एक, तीन, आठ, नऊ, दहा. मधले आकडे नाहीतच. आठ लागला की शाळा बंद, ऑफिसं बंद, माणसं घरात. कुणाला विचारायचं नाही, "जावं का नको". २४ तारखेला पहाटे दहा नंबर लागला, आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र. लेकीला फोन केला तर म्हणाली, "आई, खिडकीला टेप लावली, खायला आणून ठेवलंय, मी झोपते, तूही झोप." ती झोपली. मी जागी.

पण मला सांगायचं ते वेगळं. वादळाचं केंद्र हाँगकाँगवर आलंच नाही, शंभरेक किलोमीटर दक्षिणेकडून गेलं आणि पुढे चीनमध्ये यांगजियांगला लागलं. तरी दहा नंबर. आणि तैवानला तर केंद्र बेटाच्या दक्षिणेकडून गेलं, पण हुआलिएनकडे डोंगरात दरडीनं अडलेलं तळं पावसानं भरून वाहिलं आणि खालच्या गावात माणसं गेली. दिंडोरीच्या दादांनी शेपटाच्या ढगाचं लिहिलंय ते वाचून मला तेच आठवलं.

दिंडोरी_बागवाला:
ताई, बरोबर. लेक सुखरूप आहे ना, बास.

श्रीवर्धनची_लेक:
माहेर श्रीवर्धन, सासर नाशिक. धागा वाचतेय, माहिती चांगली आहे, पण एक बोलते, राग मानू नका.

निसर्गच्या दिवशी इथल्या ओळखीच्यांचे स्टेटस पाहिले होते. "डोळा काय सुंदर दिसतोय." त्या डोळ्याच्या वाटेत आमची वाडी होती. श्रीवर्धनची रोठा सुपारी माहीत असेल. पोफळी मधोमध मोडल्या, माड मुळासकट आडवे, विहिरीत कौलं. पोफळ लावली तर सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. आजोबांनी लावलेलं दुपारच्या दोन-तीन तासांत गेलं. त्यात करोनाचे दिवस, इथून निघायला पास लागायचा. वीज नाही, टॉवर पडलेला, आई-बाबांचा आवाज ऐकायला किती दिवस गेले ते मोजलेही नाहीत.

तुमच्या नकाशावर वादळ जमिनीवर चढलं की लाल रंग उतरून पिवळा होतो, मग गोळा विरतो. तुम्ही फोन ठेवून झोपता. आमचं तिथून सुरू होतं.

पावसाळी_बेडूक:
_/\_

गोदाकाठचा:
ताई, राग कसला. बघण्यात एक ओढ असते हे मी नाकारणार नाही, नाकारलं तर बायको इथे येऊन साक्ष देईल. पण बघणाऱ्यांमुळेच माणसं वेळेवर हलतात असंही मला वाटतं. कुणीतरी रात्री जागून गोळा बघतो म्हणून सकाळी बंदरावर बावटा लागतो.

दर्यावर्दी:
गोदाकाठचा यांच्या बाजूनं एक दाखला. ओडिशात २९ ऑक्टोबर १९९९ ला महावादळ आलं, सुमारे दहा हजार माणसं गेली. त्याच किनाऱ्यावर १२ ऑक्टोबर २०१३ ला फायलिन आलं. तोवर उपग्रह सुधारले होते, निवारे बांधले होते, गावोगाव सांगणारी माणसं तयार होती. जवळपास दहा लाख लोक आधीच हलवले आणि बळींचा आकडा पन्नासच्या आसपास राहिला. बघण्याचं मोल असतं.

पण अरबी समुद्रात २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते येतंय हे दिवसेंदिवस सगळ्यांना दिसत होतं, तरी मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ पी-३०५ हा कामगारांचा तराफा माणसांसकट बुडाला. अंदाज असणं आणि त्यावर कुणीतरी वेळेत निर्णय घेणं यात मोठा समुद्र आहे. जहाजावर हे फार जवळून पाहिलंय, इथे नको.

श्रीवर्धनची_लेक:
माणसं हलवता येतात हे मान्य. आमच्याकडेही हलवली, म्हणून वाचली. झाडं कुठे हलवणार?

दिंडोरी_बागवाला:
ताई, हे आमचंच दुखणं लिहिलंत. द्राक्षबाग पण हलत नाही. वर प्लॅस्टिक टाकावं तर एकराचा खर्च ऐकून माणूस खाली बसतो, आणि वारा आला की तेच प्लॅस्टिक मांडवासकट उडतं.

निळी_छत्री:
अवांतर: नावं कोण ठेवतं? निसर्ग वाचून मला वाटलं आपलंच असणार.

भूगोलमास्तर:
निसर्ग बांगलादेशानं सुचवलेलं. २०२० मध्ये तेरा देशांनी प्रत्येकी तेरा अशी १६९ नावांची यादी केली, तिच्यातलं पहिलंच नाव. जुन्या यादीतलं शेवटचं अम्फान, ते थायलंडचं. एकदा वापरलं की आपल्याकडे ते नाव पुन्हा येत नाही. टायफूनची नावं मात्र फिरून येतात, फार नुकसान करणारं असेल तेवढंच बाद करतात. भारताच्या यादीत गती आणि तेज होऊन गेली, पुढे मुरासु, आग, व्योम वगैरे आहेत.

कट्टेकरी:
"आग नावाच्या वादळामुळे पाऊस." बातमी देणाऱ्याचे हाल आहेत.

सिडकोचा_संशयी:
गुलाब नावाचं पण होतं ना? ते विशाखापट्टणमकडे आलं आणि झोडपलं मराठवाड्याला.

दर्यावर्दी:
होतं, आणि तुमचा मुद्दा पहिल्यांदाच मला आवडला. गुलाब २६ सप्टेंबर २०२१ ला आंध्रच्या किनाऱ्यावर चढलं. जमिनीवर आल्यावर वादळाची वाफ तुटते, वारा उतरतो, पण ओलावा आणि फिरकी राहते. तो अवशेष तेलंगण, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र असा आडवा चालत आला. मांजरा नदीच्या काठावर पुरानं काय झालं ते आठवत असेल. मग तो गुजरातकडून अरबी समुद्रात उतरला, गरम पाणी मिळालं, पुन्हा वादळ झालं. नवं नाव शाहीन. ३ ऑक्टोबरला ओमानला लागलं. म्हणजे नाशिककरानं फक्त पश्चिमेकडे बघत बसू नये. बंगालचा उपसागरही आपलाच.

नवखा_नाशिककर:
म्हणजे दोन्ही बाजूंनी! मी पुण्याला परत जातो.

कट्टेकरी:
निसर्ग पुण्यावरही जोरात होतं. बसा इथेच. मिसळ खाऊ.

निळी_छत्री:
मिसळीवर येण्याआधी मूळ प्रश्नाकडे येऊ या का? गोदाकाठचा यांनी काय बघायचं ते विचारलं होतं. माझ्या मते आतापर्यंत फक्त काय बघू नये याचीच यादी झाली आहे.

भूगोलमास्तर:
योग्य. मी एकच गोष्ट सांगतो, जी फार कमी लोक उघडून वाचतात.

हवामान विभागाचे चक्रीवादळाचे इशारे चार टप्प्यांत येतात. साधारण बहात्तर तास आधी पूर्वसूचना, अठ्ठेचाळीस तास आधी पिवळा इशारा, चोवीस तास आधी नारिंगी. हे तिन्ही किनाऱ्यासाठी. चौथा टप्पा वादळ किनारा ओलांडायच्या किमान बारा तास आधी येतो, आणि त्यात ते जमिनीवर आल्यानंतर कुठल्या दिशेनं जाईल, आतल्या जिल्ह्यांत किती वारा आणि किती पाऊस असेल, हे लिहिलेलं असतं. नाशिकसाठीचा मजकूर तो. टीव्हीवाले तेव्हा समुद्रकिनारी रेनकोट घालून उभे असतात, त्यामुळे तो कुणी वाचून दाखवत नाही. विभागाच्या संकेतस्थळावर तो मिळतो. किचकट इंग्रजीत असतो, पण तक्त्यात जिल्हे आणि वेळा असतात. मुलांकडून वाचून घ्या.

दर्यावर्दी:
+१. त्यात भर: मुंबईच्या डॉप्लर रडारवर नाशिक दिसतं खरं, पण पृथ्वीच्या वक्रतेमुळे किरण इथवर येईतो बराच उंचावरून जातो. मोठे ढग दिसतात, खालची रिपरिप निसटते. रडार कोरं आहे म्हणून कांदा उघड्यावर ठेवू नका. आणि हिमावारी आपल्यापासून फार पूर्वेला आहे, अरबी समुद्रासाठी आपल्या इन्सॅट उपग्रहांची चित्रं बघा.

दिंडोरी_बागवाला:
मी काय करतो ते लिहितो, कुणाला घ्यायचं तर घ्या. समुद्रात कमी दाब झाला म्हणलं की केंद्र कुठं जातंय ते एकदा बघायचं आणि सोडून द्यायचं. मग फक्त दोन बघायचं: समुद्रावरनं ढग आपल्याकडं ओढला जातोय का, आणि त्यानंतर ऊन कधी पडतंय. दोन दिवस कोरडे दिसले तर आधीच आंतरप्रवाही (पानात भिनणारं) औषध मारून घ्यायचं, पाऊस सुरू झाल्यावर पळापळ नाही. सगळी बाग एका तारखेला छाटायची नाही, तुकडे पाडायचे. एक तुकडा फुलोऱ्यात सापडला तर दुसरा तरी मागं असतो. मजूर कुरकुरतात, टोळी पुन्हा बोलवावी लागते. पण महा येऊन गेल्यापासून आमच्या शिवारात बरेच जण असंच करतात.

निळी_छत्री:
बागवाले दादा, दव आणि ढगाच्या अंदाजाचा रोजचा तक्ता मी करून देऊ शकेन बहुतेक. तापमान, दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं तो), वारा हे मॉडेलमधून घेता येतं. दवबिंदू आणि तापमान जवळ आले आणि वारा पडला की पान ओलं धरायचं. तुमच्या बागेतल्या नोंदींशी एक हंगाम ताडून बघावं लागेल. व्यनि करते.

दिंडोरी_बागवाला:
करा ताई. पैसे देऊ म्हणालो होतो, पेटी देईन.

सिडकोचा_संशयी:
आणि गारपीट? २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाडला बागा झोडपल्या, तेव्हा कुठलं वादळ होतं? नकाशावर तर काहीच नव्हतं.

भूगोलमास्तर:
चक्रीवादळ नव्हतंच. उत्तरेकडून पश्चिमी विक्षोभाची थंड हवा आणि समुद्राकडून आलेला ओलावा यांची गाठ पडली की असे उभे ढग तयार होतात. त्याचा शंकू काढता येत नाही, काही तास आधी रडारवरच कळतं. तो वेगळाच विषय आहे, संशयीराव. नवा धागा काढा, मी येतो.

सिडकोचा_संशयी:
काढतो. पण तिथे पहिला प्रतिसाद दोरीचा नको.

कट्टेकरी:
गारांना दोरी चालत नाही. पातेलं लागतं.